तिसऱ्या हाकेची ओ

१

आमच्या पाड्यात पहिल्या हाकेला कोणी ओ देत नसे. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली की मग माणूस जिथं असेल तिथून, झाडावर असो की भाताच्या चिखलात, ओ द्यायचा. पहिली हाक वाऱ्याची, दुसरी भुताची, तिसरी माणसाची, हे आमच्याकडे पोराला चालायला लागायच्या आत शिकवतात. वाऱ्याला आणि भुताला मोजता येत नाही म्हणून ते तीनपर्यंत पोचत नाहीत, असं शेजारची गोजाबाई सांगायची. मलाही फार मोजता येत नाही, मी चौथीतच शाळेतून सुटलो. पण तीनपर्यंत येतं.

पाडा जव्हारकडच्या वांगणीच्या पुढे, डोंगराच्या अगदी काठाला. तेवीस घरं. घरापुढे अंगण, अंगणापुढे वरईची पट्टी, पट्टीपुढे काही नाही, दरी. समोर दुसरा कडा भिंतीसारखा उभा. इकडून हाक मारली की तो ती उचलून परत फेकतो. त्यामुळे हाक कोणी मारली, कुठून मारली, याची आमच्याकडे कधीच खात्री नसते. थांबलेलं बरं.

या थांबण्यानं आमचं नुकसान पुष्कळ झालं. वावरच्या फाट्यावर एसटीचा कंडक्टर कोणी उतरणार का असं दोनदा विचारतो आणि घंटी मारतो. आमची माणसं पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत येतात. एका वर्षी पोलिओचा डोस पाजणाऱ्या बाया आल्या. दारोदार दोन-दोन हाका मारून गेल्या आणि कागदावर लिहून दिलं की वस्ती कामाला बाहेरगावी गेलेली आहे. आम्ही सगळे घरात बसून मोजत होतो.

हरेश गुरुजी जव्हारहून बदलून आले तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी हजेरी घेतली. सव्वीस पोरं समोर मांडी घालून बसलेली आणि एकही हजर म्हणेना. गुरुजी घाबरले. त्यांना वाटलं, आपल्याला मुक्या पोरांच्या शाळेवर टाकलं. पुढे त्यांना रीत कळली. मग ते प्रत्येक नाव तीनदा घ्यायला लागले आणि हजेरी संपेपर्यंत मधली सुट्टी व्हायची.

२

या सगळ्याच्या मुळाशी पांड्या भगत. म्हणजे त्याच्या आजाचा आजा. दर वाघबारशीला वाघदेवाच्या दगडापुढे नारळ फुटला की भगताच्या अंगात वारं येतं. तो घुमतो, थरथरतो, आणि शेवटी एक बोल बोलतो. त्याचा बाप हाच बोल बोलायचा, आजाही हाच.

"एक हाक येल. समदी ओ देतील. मंग जग पालटंल."

अर्थ सगळ्यांना माहीत होता. हाक मरणाची. ज्या दिवशी सगळे एकदम ओ देतील त्या दिवशी सगळे एकदम जातील. म्हणून ओ द्यायची घाई करायची नाही.

माझा मोठा भाऊ ढवळू भाईंदरला दोन वर्षं वॉचमन होता. येताना एक ट्रान्झिस्टर, एक शिट्टी आणि थोडी हिंदी घेऊन आला. ते नव्व्याण्णव साल होतं. ट्रान्झिस्टरवर रोज कुठं लढाई, कुठं भूकंप. शिवाय दोन हजार साल लागलं की दुनिया बुडणार असं जव्हारच्या बाजारात भाजीवाल्याही सांगत होत्या. ढवळू ते सगळं ऐकून विचार करायला लागला. विचार करताना तो शिट्टी दातात धरायचा, त्यामुळे तो विचार करतोय हे अख्ख्या पाड्याला ऐकू यायचं. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. शिट्टी नसली तरी त्याच्या बोलण्यात शिट्टीचा एक बारीक धागा असायचाच.

मृगाच्या आधी एका सकाळी तो भगताच्या अंगणात गेला आणि म्हणाला, बोल खरा आहे, अर्थ उलटा लावलाय.

"हाक मरणाची असं कोण बोलला? देव बोलला की तुझा आजा?"

भगत म्हणाला, आजा देवाच्या जवळचा होता.

"देव एवढंच बोलला, हाक येल. हाक कोण मारतो? ज्याला गरज आहे तो. मग ऐकू आली त्यानं ओ द्यायची, नाव कोणाचं का असंना. अख्ख्या दुनियेनं अशी ओ दिली तर लढाई कशाला होईल? तेच पालटणं. टेन्शन नाय लेनेका, बुडणार बिडणार कोणी नाय."

गोजाबाई कुंपणावरून ऐकत होती. "अख्खी दुनिया म्हणजे कुठवर रं?"

"अमेरिकेपर्यंत."

"मग तिला सांग, आमच्या ओहोळावर साकव टाक. आठ वर्षं हाका मारते मी, जव्हारला पण ऐकू जात नाय."

लोक हसले. ढवळूही हसला, पण थांबला नाही. त्यानं बेत काढला. दोन हजार सालाच्या पहिल्या सकाळी, सूर्य वर आला की, आमच्या कड्यावरून एक हाक मारायची आणि दरीच्या काठचे अकराही पाडे एकदम ओ देणार. अकरा पाड्यांनी दिली की पुढे जव्हार-मोखाडा, मग ठाणे, मग बाकीचे. पावसाळाभर तो निळा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन पाड्यापाड्यानं फिरत राहिला. दाराशी जायचा, शिट्टी वाजवायचा, लोक बाहेर आले की अर्थ सांगायचा.

३

त्या पावसात भाताची आवणी दोघांनीच केली. रुपीवहिनी, म्हणजे ढवळूची बायको, आणि मी. ढवळू दुनिया एक करायला गेला होता आणि आमच्या दोन खाचरांत गवत एक झालं होतं. लोक मला दुनियेचा भाऊ म्हणायला लागले. मी तापट. श्रावणात एका सकाळी तो दाभोशाच्या पाड्याकडे निघाला तेव्हा मी त्याला वाटेत आडवा आलो आणि बोललो ते बोललो. शेवटी म्हणालो, "मला हाक मारायची तर तीनदा मारायची. एकदा मारलीस तर मी मेलो तरी ओ देणार नाय."

त्यानं माझ्या तोंडासमोर शिट्टी वाजवली आणि गेला.

दुपारी मी ओट्यावर बसून इरलं विणत होतो. पाऊस थांबला होता, ओहोळाचा आवाज मात्र वरपर्यंत येत होता. खालून हाक आली.

"सोम्या."

मी मान वर केली. हात थांबवला नाही. थोड्या वेळानं दुसरी आली, पहिलीपेक्षा लांब ओढलेली. मी हसलो. दोन बोटं वर करून स्वतःलाच दाखवली. म्हटलं, आता मार की तिसरी, दुनियेच्या राजा.

तिसरी आली नाही. मला वाटलं, रुसला. मी इरल्याची आणखी एक ओळ घातली.

निळा कागद आधी सापडला, ओहोळाच्या खालच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत. काठावर उंबराचं एक मूळ होतं, त्याची साल हातभर सोललेली होती. माणसानं बराच वेळ धरून ठेवलं असावं, असं लोक म्हणाले. ढवळू त्याच्याही खाली सापडला.

सगळ्यांनी विचारलं, कोणी काही ऐकलं का? मी म्हणालो, नाही.

४

दसरा झाला. ऊन पडायला लागलं. गोजाबाईची एक शेळी होती, बिजली नावाची. ती रोज सकाळी कड्याच्या धारेला चरायला जायची आणि गोजाबाई रोज तिला तीन हाका मारायची. शेळीलाही रीत माहीत होती, तिसऱ्या हाकेला यायची. हाका मारल्या की कडा त्या परत करायचा. बिजले, बिजले, बिजले. लहानपणापासून आमची सकाळ अशीच व्हायची.

त्या सकाळी गोजाबाईनं पहिली हाक मारली, "बिजले." आणि समोरून आलं, "ओ."

गोजाबाई म्हणाली, "तुला नाय बोलावलं." मग पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ. ती चिडली. कमरेवर हात ठेवून दरीला म्हणाली, मी शेळीला हाक मारते, तुझ्यात शेळीचं रक्त आहे काय? दरी यावर काही बोलली नाही. तिला फक्त हाक कळत होती.

मी तोंड धूत होतो. हातातलं पाणी सांडून गेलं. त्या ओमध्ये शिट्टीचा बारीक धागा होता.

मी लगेच स्वतःला समजावलं. आवाज लांबून येतो, बदलतो, पावसानंतर हवा वेगळी असते. रुपीवहिनी दारात उभी होती. तिच्याकडे मी बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती आत गेली आणि इतका वेळ भांडी घासत राहिली की तेवढी भांडी आमच्या घरात नव्हतीच.

५

आठ दिवसांत पाड्याला सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. बायका पाण्याला जाताना हाक मारून बघायच्या. कोणाचंही नाव घ्या, नवऱ्याचं, सासूचं, कोंबडीचं, पहिल्याच हाकेला ओ. गोजाबाई म्हणाली, ढवळू जिवंतपणी बोलायचा तसं करतोय, निदान हा एक तरी बोलल्याला जागला.

शाळेत तर गंमत झाली. शाळा कड्याच्या अंगाला, खिडकी दरीकडे. गुरुजींनी हजेरी सुरू केली आणि पहिल्या नावाच्या पहिल्या हाकेलाच ओ आली. गुरुजींनी खूण केली. दुसरं नाव, ओ. सव्वीस नावं पाच मिनिटांत संपली. गुरुजी खूश झाले, म्हणाले, आता तुम्ही सुधारलात. मग त्यांनी मान वर केली. समोर अकरा पोरं होती.

ते दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसले. माझ्याकडून पाणी मागून घेतलं आणि मला ध्वनी म्हणजे काय ते समजावलं. ध्वनी आपटतो आणि परत येतो. मी विचारलं, नाव आपटून ओ कशी येते? ते म्हणाले, त्याचा अभ्यास करावा लागेल. मग हळूच म्हणाले, "सोमा, कोणीतरी टवाळ पोरगा पलीकडे बसत असेल."

मलाही तेच हवं होतं. कोणीतरी टवाळ.

वाघबारशीला सगळे दगडापाशी जमले. नारळ फुटला, भगताच्या अंगात वारं आलं, तो घुमला आणि बोलला, "एक हाक येल. समदी ओ देतील." पुढचं बोलायला त्यानं श्वास घेतला आणि तेवढ्यात दरीतून आलं, "ओ."

वारं जागच्या जागी उतरलं. भगत आपल्या रोजच्या आवाजात म्हणाला, "मी कोणाला बोलावलंच नाय." आणि आपलं फडकं, आपली वाटी, देवापुढची कोंबडी सगळं उचलून घरी गेला. कोंबडी देवाची होती, पण त्या दिवशी कोणी ती परत मागितली नाही.

मी मात्र एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. तो सगळ्यांना ओ देत होता. शेळीलाही देत होता. मी दोनदा गेलो होतो कड्यावर, दोन वेगवेगळ्या सकाळी, एकटा. एकदा "दादा" म्हणून हाक मारली. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली. कड्यानं माझी हाकसुद्धा परत केली नाही, इतकं शांत. तिसरी मारायची माझी हिंमत झाली नाही. तिसरी मारली आणि तीही रिकामी गेली, तर मग माझ्याकडे मारायला काही उरलं नसतं. त्यानं मला एकदा, फक्त एकदा, ओ द्यावी, बाकी मला दुनियेकडून काही नको होतं.

६

टवाळ पोराला धरायला मी काठी घेऊन पहाटेच निघालो. पलीकडच्या कड्याला जायला खाली उतरून ओहोळ ओलांडावा लागतो. उंबराच्या मुळापाशी मी थांबलो नाही. वर चढता चढता उन्हं वर आली.

कड्याच्या तळाशी पोचलो तर तिथं माणूस उभा राहील अशी जागाच नाही. एक अरुंद पट्टा आहे, वानरांनी घाण केलेला, तोही वर, दोन पुरुष उंचीवर, आणि तिथं जायला वाट नाही. मी काठी दगडावर आपटून सगळीकडे बघितलं. माशीसुद्धा नव्हती.

तिथून आमचा पाडा दिसत होता. इतका लहान की हातानं झाकता येईल. गोजाबाईचं लाल लुगडं ठिपक्याएवढं धारेवर आलं. थोड्या वेळानं तिची हाक माझ्यापर्यंत पोचली, "बिजले." मी कान टवकारले. आता ओ इथूनच, माझ्या डोक्यावरून येणार.

ओ आली. माझ्या डोक्यावरून नाही. पलीकडून, आमच्या पाड्यातून. कडा माझ्या पाठीशी होता, आवाज सरळ आला, आणि आमच्या पाड्यातली तेवीस घरं मला आवाजावरून ओळखता येतात. ओ आमच्या ओट्यावरून आली.

मी काठी तिथंच टाकली. कसा उतरलो, कसा चढलो, आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा ओट्यावर कोणी नव्हतं. श्रावणातलं माझं अर्धं विणलेलं इरलं कोपऱ्यात पडलं होतं, त्या दिवसानंतर मी त्याला हात लावला नव्हता. त्याच्या शेजारी ओटा ओला होता. कार्तिक महिना, आठवडाभर कडक ऊन.

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, सारवलं असेल मी. पण वहिनी सारवते तेव्हा सगळा ओटा सारवते. ही एक माणूस मांडी घालून बसेल तेवढीच जागा ओली होती. मी हात लावून वास घेतला. शेणाचा नव्हता. ओहोळाच्या गाळाचा होता.

मी ती जागा सुकेपर्यंत उभा राहिलो. बसायला दुसरी जागा होती, पण बसवेना.

७

डिसेंबर संपत आला तशी अकराही पाड्यांकडून माणसं विचारायला येऊ लागली, की ढवळूचं ठरलंय ते होणार ना? मला वाटलं होतं, तो गेला, बेत गेला. पण त्यानं लोकांना नीट समजावलं होतं, आणि आमच्या लोकांना एकदा कार्यक्रम कळला की तो रद्द करता येत नाही. चार पाड्यांनी तर त्यासाठी लाडू करायचं ठरवलं होतं. हाक कोणी मारायची, एवढंच राहिलं. पाडा म्हणाला, भावानं.

दुसऱ्या सकाळी वहिनी अंगणात नागली पाखडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो. म्हणालो, मी हाक मारणार नाही. तिनं कारण विचारलं. मी इकडचं तिकडचं सांगितलं, घसा बसलाय वगैरे. ती पाखडत राहिली. मग माझ्या तोंडून निघून गेलं.

"वहिनी, मी ऐकलं होतं. दोन हाका आल्या. मी तिसरीची वाट बघत बसलो."

सूप थांबलं. मला वाटलं, आता ती सूप माझ्या डोक्यात घालेल. घालावं, असंही वाटलं.

"मी पण ऐकलं," ती म्हणाली. "चुलीपाशी होते. हाक तुझ्या नावाची होती. मला वाटलं, तू देशील."

कुंपणापलीकडे गोजाबाई शेळीला पाला घालत होती. तिचा हात तसाच राहिला. ती इतक्या हळू बोलली, की मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "मी शेतात होते. मी पण मोजलं."

संध्याकाळ व्हायच्या आत कळलं की पाड्यात त्या दुपारी जितके लोक होते तितक्या सगळ्यांनी ऐकलं होतं. भगतानं ऐकलं होतं. गुरुजी शाळेचं पत्र्याचं छप्पर बघायला आले होते, त्यांनीसुद्धा ऐकलं होतं आणि म्हणाले, मी नवीन माणूस, मला वाटलं तुमची रीत मोडू नये. तेवीस घरांनी ओठ मिटून दोनपर्यंत मोजलं होतं, आणि मग चार महिने प्रत्येकजण आपणच एकटा आहे असं समजून दुसऱ्याला तोंड चुकवत होता.

अंगणात वहिनीनं त्या सकाळीच सूप पुन्हा हातात घेतलं होतं. "जा आणि हाक मार," ती म्हणाली. "त्याचं राहिलंय ते कर."

८

दोन हजार सालाच्या पहिल्या सकाळी थंडी होती. दरीत धुकं भरलं होतं, वर सगळं स्वच्छ. आमचा अख्खा पाडा धारेवर उभा होता. डावीकडे, उजवीकडे दरीच्या काठानं दुसऱ्या पाड्यांची माणसं दिसत होती, पांढऱ्या, लाल ठिपक्यांच्या रांगा. जे दिसत नव्हते त्यांचे ढोल ऐकू येत होते. भगत सगळ्यांच्या मागे उभा होता, तोंडाला फडकं घट्ट बांधून. तो म्हणाला, मी बघायला आलोय, ओ द्यायला नाही. गोजाबाईनं बिजलीला दोरीनं धरून आणलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, तिनं का ऐकू नये?

हाकेत काय म्हणायचं ते ढवळूनं कधीच सांगितलं नव्हतं. कोणाचंही नाव चालेल, एवढंच म्हणाला होता. मी ठरवलं होतं. "दादा" म्हणणार होतो. ती माझी तिसरी होती.

सूर्य वर आला. मी दोन्ही हात तोंडाशी नेले. छाती भरून घेतली.

आणि खालून, धुक्यातून, आली.

"सोम्या."

माझ्या छातीतला वारा तसाच राहिला. लांब ओढलेली हाक, दुसरीपेक्षाही लांब, शेवटी शिट्टीचा धागा. चार महिने थांबलेली.

लोकांना काय कळणार? त्यांना शिकवलं होतं की हाक आली, ओ द्यायची, नाव कोणाचं का असेना. त्यांनी दिली. आधी आमच्या पाड्यानं, मग डावीकडून, उजवीकडून, ढोलांच्या मागून, अकरा पाडे, शेकडो गळे, बायका, म्हातारे, शाळेची सव्वीसही पोरं, एकदम, "ओ." बिजलीही ओरडली. भगताचं फडकं गळ्यात आलं होतं आणि तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत होता. जमीन पायाखाली हलल्यासारखी झाली.

तेवढ्यात धुकं थोडं फाटलं. समोरच्या कड्यावरचा तो अरुंद पट्टा दिसला, जिथं जायला वाट नाही. त्यावर माणसं उभी होती. रांगेनं, खांद्याला खांदा लावून, पार टोकापर्यंत. सगळ्यांचे हात तोंडाशी. काहींच्या अंगावर असे कपडे होते जे मी कोणाच्याच अंगावर कधी पाहिले नाहीत. तीही ओ देत होती. एकाच्या डोक्यावर निळा कागद होता आणि त्याच्या टोकांवरून पाणी गळत होतं.

सगळ्यांची ओ संपली. दरी शांत झाली. मग मला कळलं की अजून एक राहिली आहे.

"ओ, दादा," मी म्हणालो. हळूच. धुकं मिटलं.

९

गुरुजी म्हणाले, वानरं होती. थंडीत ती अशी रांगेनं उन्हाला बसतात. आणि निळं काय होतं? आकाश. मी हो म्हणालो. गुरुजी शिकलेले आहेत, आणि त्यांचा चहाचा कप बशीत वाजत होता, म्हणून मी वाद घातला नाही. पांड्या भगत म्हणाला, त्याच्या आजाचा अर्थ चुकला असेल, आजाला ऐकू कमी यायचं. लाडू सगळ्यांना पुरले.

त्यानंतर कडा गप्प आहे. हाक मारली तर ओ येत नाही, हाकही परत येत नाही. गोजाबाईला चुकल्यासारखं वाटतं. बिजली आता पहिल्याच हाकेला येते. पाडाही देतो. एसटीच्या कंडक्टरनं विचारलं कोणी उतरणार का, तर अख्खी गाडी दणाणते, न उतरणारेसुद्धा ओ देतात. गुरुजींची हजेरी पाच मिनिटांत होते, आणि ते प्रत्येक नावाला मान वर करून बघतात.

मी इरलं पूर्ण केलं. ओट्यावर बसतो. ती जागा सोडून बसतो, एवढंच.

हे सगळं इथंच संपलं असतं. पण परवा दुपारी मी भात झोडत होतो, वहिनी चुलीपाशी होती, गोजाबाई कुंपणाला काटे लावत होती. एक हाक आली. एकच. मी ओ दिली. वहिनीनं आतून दिली. गोजाबाईनं दिली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"तू मारलीस?" गोजाबाईनं विचारलं. मी नाही म्हणालो. वहिनीनंही नाही म्हटलं.

"मग नाव कोणाचं होतं?"

मी म्हणालो, माझं. वहिनी दारात आली होती. ती म्हणाली, माझं. गोजाबाईनं हातातला काटा खाली ठेवला.

खालच्या घरातून ओ आली, मग वरच्या, मग शाळेतून सव्वीस पोरांची, मग लांब, पुढच्या पाड्याची, त्याच्याही पुढच्या. पांड्या भगत घरातून पळत बाहेर आला. त्याच्या तोंडात भाताचा घास होता आणि तोंडावर दोन्ही हात होते. पण उशीर झाला होता. त्यानंही ओ देऊन टाकली होती.